बाई गप्प झाली

सरांच्या खोलीत पहिल्यांदा गेलो तेव्हा भर दुपारी स्टुलावर आपटलो. कळंबच्या बाजारपेठेत मोटारपंपाच्या दुकानाच्या माडीवर आमच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान, त्यांचं रेकॉर्डिंगचं. नवा शेजारी म्हणून ओळख करून घ्यायला दार ढकललं, तर आत मिट्ट काळोख, आणि माझी नडगी सोलवटली. काळोखातून आवाज आला, "लाइट लागतोय व्हय तुम्हाला?" त्या विचारण्यात एवढी कणव होती की जणू अधू मीच होतो. मी हो म्हणालो. "असू द्या, असू द्या. लई जणांना लागतोय. दाराच्या डाव्या अंगाला बटन हाय बघा."

दिवा लागला तेव्हा समोर पन्नाशीचा, काटक, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला माणूस दिसला. दोन्ही डोळे कायमचे मिटलेले. भिंतींना खालपासून छतापर्यंत वाकळा ठोकलेल्या, आवाज घुमू नये म्हणून. त्या त्यांच्या आईनं आणि मावशीनं गावी, येरमाळ्यापलीकडच्या वाशीला बसून शिवलेल्या होत्या. टेबलावर संगणक होता, पण त्याचा पडदा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. मी भाबडेपणानं तो सरळ केला. त्यांनी लगेच हात लांबवून तो परत वळवला. "फिरवू नका. त्या पडद्याची बारीक शिट्टी वाजती, ती भिंतीकडंच बरी. मला त्याचा काय उपेग न्हाय." मी कान लावला, मला कसलीच शिट्टी ऐकू आली नाही.

सगळा गाव त्यांना 'सर' म्हणायचा. त्यांनी आयुष्यात कुणाला शिकवलेलं नव्हतं. मला त्यांनी दुसऱ्या दिवसापासून 'कॅमेरा' करून टाकलं आणि आठवड्यानं अहोजाहो सोडलं. "काय कॅमेरा, आज कुणाचं लगीन उरकून आलास?" माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला अजून शंका आहे.

त्यांच्याकडे काय रेकॉर्ड होत नव्हतं! येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीपुढं गाणाऱ्या आराध्यांची गाणी, जयंतीची भीमगीतं, गाडीवर फिरवायच्या जाहिराती, नळाला पाणी येणार नसल्याचा नगरपालिकेचा पुकारा. तालुक्यात भोंग्यातून जे काही बाहेर पडायचं त्यातलं निम्मं त्या वाकळांच्या मधून गेलेलं असायचं. आणि वाईट आवाज त्यांना सोसायचा नाही. एका शोकसभेत वक्ते दाटल्या कंठानं बोलत असताना सर मधूनच उठले, खाली वाकून वायर चाचपत चाचपत स्टेजपर्यंत गेले, एक पिन घट्ट बसवली आणि तसेच परत आले. लोकांना वाटलं, दुःखानं भान हरपलं. घरी येताना मला म्हणाले, "मेल्याला आपण काय देणार? निदान घरघर तरी काढावी."

डोळे कसे गेले, असं विचारणाऱ्याला ते दर वेळी वेगळं उत्तर देत. पुजाऱ्याला सांगितलं, गोवरानं. तलाठ्याला सांगितलं, सातबारा बघून. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तू इचारणार म्हणून आधीच गेले." त्यानंतर मी कधी विचारलं नाही.

या माणसाच्या संगणकात एक बाई राहायची. म्हणजे पडद्यावर जे जे लिहिलेलं असेल ते मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. पण सर तिला बाईच म्हणत. आंधळ्या माणसाचे संगणकावरचे डोळे म्हणजे ती. तिचा वेग त्यांनी इतका वाढवून ठेवला होता की ऐकणाऱ्याला यंत्र बिघडलंय असंच वाटावं. आराध्यांतला एक म्हातारा तिचं बोलणं ऐकून हात जोडून उभा राहिला होता. त्याला वाटलं, कुणाच्या तरी अंगात आलंय. सर मात्र त्या गडबडगुंड्यातून नेमका शब्द उचलायचे. "माझी बाई लई बोलती," असं म्हणायचे, "पर एक अक्षर गाळत न्हाय."

गाणी कापायचं, जोडायचं, ताल आणि गळा एकमेकांत मिसळायचं सॉफ्टवेअर वेगळं, एका परदेशी कंपनीचं. त्यातलं प्रत्येक बटण बाई नावानिशी वाचायची आणि सर कळ दाबायचे. माउसला त्यांनी कधी हात लावला नाही. कुठल्या तीन कळा एकत्र दाबल्या की काय होतं हे त्यांच्या बोटांत अकरा वर्षं मुरलेलं होतं. मला डोळे वटारून, माउस फिरवून जे करायला अर्धा तास लागायचा ते सर चहा निवायच्या आत करायचे आणि वर विचारायचे, "दिसतंय ना नीट तुला?"

मस्करी बाजूला ठेवून ते एकदाच माझ्याशी बोलले. अंधशाळेत त्यांना खुर्च्या विणायला शिकवलं होतं. "आंधळ्याला दोनच धंदे ठेवल्यात लोकांनी. खुर्ची विण न्हायतर भजन म्हण. मला दोन्ही येतंय, आन् दोन्हीचा लई कंटाळा हाय." मग म्हणाले, "हितं बसलो की मला कुणाला हाक मारावी लागत न्हाय, कॅमेरा. रस्ता वलांडायला मारावी लागती, औषधाची तारीख बघायला मारावी लागती. ह्या खुर्चीत बसलो की न्हाय." त्यांच्या आयुष्यात ही एवढीच चौकोनी जागा अशी होती, जिथं ते कुणाचे मिंधे नव्हते. हे मला तेव्हा नीट कळलं होतं. म्हणूनच पुढचं सांगताना माझी मलाच लाज वाटते.

त्यांचा एक नियम होता: यंत्राला दुसऱ्याचा हात लागता कामा नये. खोलीची एक किल्ली मात्र माझ्याकडे असायची, पार्सल वगैरे आलं तर ठेवायला. ऐन लग्नसराईत माझा संगणक बसला. मुलीकडचे संध्याकाळी पेन ड्राइव्ह न्यायला येणार होते आणि सर येरमाळ्याला आराध्यांचं रेकॉर्डिंग करायला गेले होते, ते दिवस मावळता येणार. मी किल्ली काढली, पडदा माझ्याकडे वळवला आणि त्यांच्या यंत्रावर कामाला बसलो. नवरीच्या नेमक्या तोंडावर एक चौकट सारखी उगवत होती. गाण्यांच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आहे, बसवायची का? तीनदा मी ती बंद केली. डोळसाला पडद्यावरची नको ती चौकट डोळ्यांत गेलेल्या कुसळासारखी खुपते. चौथ्यांदा मी वैतागून 'हो' दाबलं. ती गेली. मी लग्न पुरं केलं, पडदा परत भिंतीकडे वळवला, खुर्ची होती तिथं सरकवली आणि कुलूप लावलं. सगळं जसंच्या तसं ठेवल्याचं मला समाधानसुद्धा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी भिंतीवर थाप मारली. मी गेलो. ते दोन्ही हात कळांवर ठेवून बसले होते आणि बाई काही बोलत नव्हती. म्हणजे ते सॉफ्टवेअर उघडेपर्यंत नीट बोलायची, आणि उघडलं की एकच शब्द: "खिडकी." कुठलीही कळ दाबा, "खिडकी." नव्या आवृत्तीत कंपनीनं बटणांची नावं काढून तिथं चित्रं घातली होती. देखणी चित्रं होती. पण चित्राला नाव नसलं तर बाई वाचणार काय?

"नवीन काहीतरी बसलंय ह्यात," सर म्हणाले. "तू हात लावलास का?"

मी म्हणालो, "नाही सर. नेट चालू राहिलं असेल. हल्ली ते आपोआपच बसतं."

इतकं सहज खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. ते म्हणाले, "आपोआप? मला न इचारता?" मी म्हणालो, हो, असंच करतात हे लोक. आणि त्यांनी ते मानलं. संगणकातलं मला कळतं, असा त्यांचा समज होता.

नंतर मी त्या खोलीत जायचं टाळू लागलो. ते भिंतीवर थाप मारून बोलवत, "कॅमेरा, जरा यिऊन बघ की पडद्यावर काय दिसायलंय." मी म्हणायचो, लग्नं आहेत सर, रविवारी बघतो. भीती एवढीच, की जवळ बसलो तर माझ्या आवाजावरून त्यांना कळेल. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी सुटका नव्हती म्हणून जाऊन बसलो. सर म्हणाले, "वरच्या डाव्या कोपऱ्यापासनं सुरू कर. जे हाय ते समदं वाच. तुला नको वाटलं तरी वाच." मी वाचत गेलो. चित्रांचं वर्णन केलं, जी काही अक्षरं होती ती वाचली. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक इंग्रजीत एक ओळ होती. तिचा अर्थ असा: जुन्या आवृत्तीकडे परत जाण्याची दहा दिवसांची मुदत संपली आहे.

पहिल्या दिवशी बसलो असतो तर तिथं एक बटण असतं. ते मी दाबलं असतं की बाई पुन्हा बोलू लागली असती, आणि सरांना फार तर मला चार शिव्या द्याव्या लागल्या असत्या. सर विचारत होते, "आजून काय?" मी म्हणालो, "बास सर. एवढंच आहे." ती ओळ मी वाचली नाही.

सरांनी कंपनीला पत्रं लिहायला सुरुवात केली. त्यांचा मोबाइल बोलायचा, त्यावर ते ईमेल लिहीत. जुनी आवृत्ती परत द्या, एवढंच मागणं. पहिलं उत्तर आलं, आपण संपर्क साधल्याबद्दल आभारी आहोत. दुसऱ्या उत्तरात काय करायचं ते समजावून सांगणारं चित्र जोडलेलं होतं. मी ते उघडून पाहिलं. एका बटणाभोवती लाल गोल काढला होता आणि त्याच्याकडे बाण. मी सांगितल्यावर सर इतके हसले की खालचा पंपवाला वर बघायला आला. "आंधळ्याला चित्र धाडलंय, आन् दिसावं म्हणून लाल गोल केलाय!" हसणं थांबल्यावर बराच वेळ ते शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत राहिले.

तिसरं उत्तर एका मुलीचं होतं. तिनं माणसासारखं लिहिलं होतं. चूक झाली आहे, आम्ही यादीत घेतलं आहे, पण तुमच्यासारखं वापरणारे फार थोडे आहेत, त्यामुळे वेळ लागेल. सरांनी तिला एका ओळीत विचारलं: किती आंधळे जमा केले म्हणजे पुरे होतील? त्याला उत्तर आलं नाही. मोबाइलवर त्यांचा एक गट होता, देशभरातले त्यांच्यासारखेच आवाजाचं काम करणारे आंधळे. रोज दुपारी सगळ्यांचे आवाज एकामागून एक वाजायचे. कुणी म्हणे स्टुडिओ बंद केला, कुणी म्हणे बायकोला शेजारी बसवून काम करतो. एकानं सांगितलं, मी वेळीच नेटची वायर उपटली म्हणून वाचलो. ते ऐकून सर हळहळले, "आपण बी उपटाय पायजे व्हती रे." मी शेजारी बसून मान हलवली, आणि मान हलवलेली त्यांना दिसत नाही म्हणून तोंडानंही हो म्हणालो.

दुसरं एक फुकटचं सॉफ्टवेअर बोलायचं. सरांनी ते दोन महिने शिकून पाहिलं. पण अकरा वर्षांची गाणी जुन्यात अडकलेली, ती त्यात उघडेनात. बोटं जुन्याच कळा दाबत. एकदा अख्खी जाहिरात पुसली गेली तेव्हा त्यांनी दोन्ही पंजे टेबलाखाली घेतले आणि म्हणाले, "बोटांना म्हातारपणी दुसरी भाषा शिकवायची म्हंजे लई बेजारी हाय."

तेवढ्यात जयंती आली. शेजारच्या खेड्यातल्या एक वयस्कर बाई दर वर्षी सरांकडेच भीमगीत रेकॉर्ड करायच्या. उन्हातान्हात मजुरी करून त्यांचा आवाज खरबरीत झालेला, पण असा भरदार की वाकळांनाही तो आवरायचा नाही. सर स्वतः बौद्ध वस्तीत वाढलेले. हे काम ते धंदा म्हणून करत नव्हते. त्या बाईंना नाही म्हणणं सरांना शक्य नव्हतं. रेकॉर्डिंग झालं. कापायला, जोडायला डोळे पाहिजे होते. सर माझ्या दाराशी आले. मला आठवतं त्याप्रमाणे ते त्या माडीवर पहिल्यांदाच माझ्या दाराशी आले. म्हणाले, "कॅमेरा, चार दिवस मला तुझे डोळे दे."

ते चार दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाहीत. "डावीकडं काय हाय?" "गोल बटण आहे." "नाव सांग." "नाव नाही सर, चित्र आहे." "कशाचं?" "काही तरी कानासारखं." "काही तरी म्हंजे? कान हाय का न्हाय?" शेवटी त्यांनी माझं मनगट धरलं आणि माउससकट माझा हात आपणच फिरवू लागले.  दर पाचव्या मिनिटाला ते म्हणत, "माफ कर बाबा, तुझा येळ जायलाय." असं बोलणारा माणूस मी ओळखत नव्हतो.

चौथ्या दिवशी दुपारी ते जेवायला गेले असताना मी जरा नीटनेटकं करावं म्हणून बसलो. पडद्यावर आवाज डोंगरासारखा दिसतो. मोठा आवाज तिथं शिखर, शांत तिथं सपाट. ओळी-ओळींच्या मध्ये सपाट रेघा होत्या. रिकाम्या जागा. लग्नाच्या व्हिडिओत अशा रिकाम्या जागा मी रोज उडवतो. ताल तसाच ठेवून गळ्यातल्या त्या सगळ्या जागा मी पुसून टाकल्या आणि गाणं कसं स्वच्छ झालं म्हणून खूशही झालो. त्याच दुपारी त्या बाईंचा पुतण्या गाणं घेऊन गेला. सर परत आल्यावर ऐकायला मागतील असं मला वाटलं होतं, पण ते म्हणाले, "तू बघितलंस ना? मग झालं."

जयंतीच्या मिरवणुकीत आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. निळे झेंडे, गुलाल, गाड्यांवर भोंग्यांच्या भिंती. ते गाणं लागलं आणि पोरं नाचायला लागली. गाणाऱ्या बाई स्वतः पुढच्या गाडीवर नव्या पांढऱ्या लुगड्यात बसल्या होत्या, हात जोडून हसत होत्या. सरांनी माझा दंड धरला. पहिलं कडवं संपेपर्यंत धरून ठेवला. मग म्हणाले, "तिचा श्वास कुठं हाय?"

"श्वास?" मी विचारलं.

"दोन ओळींच्या मधी ती दम घेती. तिची छाती भरती, मग ओळ उचलती. त्यो श्वास कुठं गेला? गुदमरल्यागत गायलीय ती."

मी सांगितलं, रिकामं होतं म्हणून काढलं. सरांनी माझा दंड सोडला. त्या एवढ्या गर्दीत, त्या दणदणाटात, एका माणसाला सोडून कुणालाही त्या गाण्यात काही कमी आहे असं वाटलं नाही. बाईंनाही नाही. त्यांनी गाडीवरून सरांना हात केला, आणि सरांना तो दिसला नाही, आणि मी सांगितलंही नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी पुतण्याला फोन करून गाण्याखालचं स्वतःचं नाव काढायला लावलं. "ते माझं काम न्हाय," एवढंच बोलले. पुतण्याला वाटलं, सरांना कसला तरी राग आला.

पुढं कामं येत राहिली, सर ती परत पाठवत राहिले. पावसाळा गेला. अपंग दिनाला कुठल्याशा मंडळानं त्यांचा सत्कार केला. बॅनरवर सरांचा फोटो, काळा चष्मा चढवलेला. तो त्यांनी कधीच घातला नव्हता. शाल, नारळ, जिद्दीवर भाषणं. दोन शब्द बोला म्हटल्यावर सर म्हणाले, "मला शाल नको. ह्या तालुक्यातल्या कुणाची वळख असंल तर त्या कंपनीला सांगा, बटनांना नावं लावा. आन् ह्यो माइक गुणगुणतोय, त्येचं अर्थिंग बघा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माइक शेवटपर्यंत गुणगुणत होता.

महिन्याभरानं त्यांनी खोली सोडली. वाशीला भावाची पिठाची गिरणी होती, तिथं गेले. वाकळा मात्र काढल्या नाहीत, "तुला डबिंगला उपेगी पडत्याल" म्हणाले. त्यांची खोली मी घेतली. इथं कुणी मला नालायक म्हणणार असेल तर म्हणू दे, मी स्वतःला रोज म्हणतो. पण घेतली, आणि त्या वाकळांमध्ये बसून माझा धंदा चांगला वाढला.

बाई गप्प झाल्यापासून तीन वर्षांनी त्या कंपनीची आणखी एक आवृत्ती आली. मी सवयीनं तपासलं. बटणांना नावं लागली होती. प्रत्येकाला. मी लॅपटॉपवर ती बसवली, बाई बसवली, तिचा वेग वाढवला, सरांचं जुनं एक गाणं टाकलं आणि त्याच दिवशी मोटारसायकल काढली. येरमाळ्यावरून वाशीला पोचेपर्यंत मी हेल्मेटच्या आत काहीबाही बडबडत होतो. देवानं आपल्याला फेडायची संधी दिली, असलं काहीतरी.

वीज गेलेली होती, म्हणून गिरणी बंद होती. दारात डब्यांची रांग लागलेली, दोन बायका सावलीला बसलेल्या. आत सर पोत्यावर बसले होते, भुवयांपर्यंत पिठानं पांढरे. मी ओळख दिली. "कॅमेरा! ये, बस. ते ज्वारीचं पोतं हाय, त्यावर बस." मी काही न बोलता लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला आणि सॉफ्टवेअर उघडलं. बाई बोलायला लागली. एकेक बटण, नावानिशी.

सरांनी मान तिच्याकडे कलती केली. मग त्यांनी शर्टाला बोटं पुसली, दोनदा पुसली, आणि कळांवर ठेवली. मी घड्याळ लावून सांगतो, चार मिनिटं. चार मिनिटांत त्यांनी गाण्यातला एक बिघडलेला तुकडा काढला, दुसरीकडून चांगला आणून जोडला, आणि जोड कुठं आहे ते मला तीनदा ऐकूनही सापडलं नाही. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मी म्हणालो, "सर, चला. खोली तुमचीच आहे. मी उद्या सामान हलवतो."

"येतंय आजून," सर स्वतःशीच म्हणाले. त्यांच्या तोंडावर क्षणभर असा आनंद होता की मला बघवेना. मग त्यांनी बोटं उचलली आणि झाकण मिटलं.

"न्हाय रे. आता न्हाय."

"का?"

"आज बोलायलीय. उद्या परत गप झाली म्हंजी? ती आपोआप बदलती, मला न इचारता. तूच सांगितलंस की. एकदा बोटं तुटली तर तीन वर्षं गेली. दुसऱ्यांदा तुटली तर मी मरंन. ही गिरणी बघ. दगड काल हितं व्हता, आज बी हितंच हाय. पट्टा हितं, जाळी हितं. रातीत कुणी यिऊन बदलत न्हाय." त्यांनी हात लांबवून पट्ट्याला थोपटलं. "मला एवढं पुरं."

मग मला कळलं की त्यांना इथं बसवून ठेवलंय ते माझ्या त्या एका वाक्यानं. ते वाक्य मागं घेतलं तर कदाचित ते येतील. बाहेरच्या बायका दळणाबद्दल बोलत होत्या. मी म्हणालो, "सर, ते आपोआप झालं नव्हतं. मी दाबलं होतं."

सरांचा हात पट्ट्यावरच राहिला. "कवा?"

मी सांगितलं. येरमाळा, माझं बंद पडलेलं यंत्र, लग्न, चौकट, सगळं.

"परत फिरवता येत व्हतं?"

नाही म्हणालो असतो तर चाललं असतं. त्यांना कुणी सांगायला येणार नव्हतं. मी म्हणालो, "दहा दिवस येत होतं. मी बाराव्या दिवशी तुमच्या शेजारी बसलो. मुदत संपल्याचं तिथं लिहिलेलं होतं. मी तुम्हाला वाचून दाखवलं नाही."

सरांनी पट्ट्यावरचा हात काढून घेतला. मग अगदी हळू म्हणाले, "तीन वर्षं म्या त्या लोकांना शिव्या घातल्या." आणि वर, "त्या ईमेलवाल्या पोरीला बी."

"सर, म्हणजे ते यंत्र स्वतःहून काही करत नाही. आपण नेटच जोडायचं नाही. कुणी हात लावणार नाही. तुम्ही चला."

"तू हाईस की तिथं," सर म्हणाले. त्यात राग नव्हता. राग असता तर मी पायावर डोकं ठेवलं असतं.

बाहेरून एका बाईनं ओरडून सांगितलं, "मास्तर, लाइट आली!" सर उठले. लॅपटॉप त्यांनी चाचपून माझ्या हातात दिला, त्यावरचं पीठ तळहातानं झाडून. "उचल हे. हितं खराब व्हईल." मग भिंतीच्या कडेनं जाऊन त्यांनी खटका ओढला. पट्टा फडफडला, दगड फिरायला लागला आणि सगळी खोली त्या आवाजानं भरली. त्यांनी रांगेतला पहिला डबा उचलून वर ओतला आणि दाण्यांत हात घालून उभे राहिले. मी माफ करा म्हणालो. मग ओरडून म्हणालो. गिरणीच्या घरघरीत माझं मलाच ऐकू आलं नाही, आणि ज्यांना मुंगी चालली तरी ऐकू जायची त्यांनी मान वळवली नाही.